पाचवा बार

हूल हा शब्द मला पाठशाळेत कोणी शिकवला नाही. असत्याला संस्कृतात जितकी नावे आहेत तितकी मी गोदाकाठी बारा वर्षे बसून पाठ केली होती. परंतु हूल त्यांपैकी कशातच नीट बसत नाही. असत्य बोलणारा आपल्या तोंडाने खोटे सांगतो. हूल देणारा पुष्कळदा काहीच सांगत नाही. समोरच्याला स्वतःच्याच भयातून खोटे रचू देतो आणि आपण स्वस्थ बसून राहतो. हा भेद मला आमच्या गावच्या धाकट्या पाटलांनी समजावून दिला. भेद समजला, पण हूल कोठे थांबवावी हे समजायला मला उशीर लागला, आणि त्या उशिरात रक्त सांडले.

आमचे गाव कळमनुरी तालुक्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या उंच दरडीवर. नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे वऱ्हाड. उन्हाळ्यात मध्ये गुडघाभर पाणी आणि पुष्कळशी वाळू एवढेच अंतर. महादेवाचे देऊळ दरडीच्या कडेला होते आणि नदीच्या उतारावर जाणारी गाडीवाट देवळाच्या दगडी आवाराखालून जात असे. देवाची पूजा आमच्या घराण्याकडे आणि उखळ्यांचा मान धाकट्या पाटलांच्या घराण्याकडे होता.

उखळी म्हणजे वीतभर उंचीचे, जाड लोखंडाचे नळकांडे. त्यात दारू ठासायची, वरून विटकरीचा चुरा आणि चिंध्या घट्ट कोंबायच्या, आणि बुडाशी असलेल्या छिद्राला पेटता काकडा लावायचा. आवाज कोसभर जाई. जत्रेत पालखी निघण्याआधी असे पाच बार होत. चार नव्हेत, सहा नव्हेत. पाचवा बार झाला की ताशा कडाडे, आणि ताशा कडाडला की भोई पालखी खांद्यावर घेत. हा क्रम आमच्या अंगात इतका मुरलेला होता की चौथ्या आणि पाचव्या बाराच्या मध्ये साऱ्या जत्रेचा श्वास अडकलेला असे.

धाकटे पाटील माझ्याच वयाचे. शेतात कष्टाळू, बोलण्यात तिखट, आणि तिर्रट खेळण्यात त्यांचा हात धरणारा चार गावांत कोणी नव्हता. तिर्रट हा तीन पानांचा जुगार. पाने झाकलेली, बोली वाढत जाते, आणि ज्याचा धीर सुटतो तो पाने टाकून उठतो. त्यामुळे ज्याच्या हाती काहीच नाही असा माणूसही, मुद्रा न बदलता बोली वाढवीत राहिला, तर जिंकू शकतो. जत्रेच्या दिवशी ते देवळाच्या भिंतीला लागून फड मांडीत. मी एकदा बजावायला गेलो.

"पाटील, देवाच्या आवारात हे शोभत नाही."

"आवारात कुठं? भिंतीच्या भायेर बसलोय. इथलं देवाला दिसत न्हाई."

"देवाला सगळीकडचे दिसते."

"मंग आवार काय अन् भायेर काय, महाराज! तुमी तीर्थ द्या, मी पानं वाटतो. दोन्हीकडं लोक हात पसरूनच बसतेत."

सगळे हसले. मीही थोडा हसलो असेन, कारण मी तेथून हललो नाही. त्या डावात एक बैलांचा दलाल होता आणि बाळापूरकडचा एक तरणा शेतकरी होता. डाव चढत गेला आणि शेतकऱ्याने आपला खिल्लारी बैल लावला. पाटलांनी पाने टाकून अंग मागे घेतले. दलाल शांत होता. आधी तो शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होता. एव्हाना त्याने चेहऱ्याकडे पाहणे सोडले होते आणि खाली पडलेली पाने तो एका बोटाने एकेक करून बाजूला सारीत होता. शेतकरी अधिकच मोठ्याने बोलू लागला. दलाल म्हणाला, "दाखीव." शेतकऱ्याने पाने दाखवली नाहीत, ती झटकन ढिगात मिसळून टाकली आणि म्हणाला, "तुझं तूच समज."

दलालाने शेजारच्या गाडीच्या जुवातली शिवळ, म्हणजे लाकडी खुंटी, उपसली आणि त्याच्या तोंडावर मारली. पहिल्याच घावाला डोळा गेला. मला तो आवाज आजही सांगता येत नाही. पिकलेले फळ दगडावर पडावे तसा काहीसा. दुसऱ्या घावाने जबडा मोडला. लोक मध्ये पडेपर्यंत तिसराही बसला होता. माझ्या हातातले तीर्थाचे पात्र सांडले आणि धोतरावर जे शिंतोडे उडाले ते तीर्थाचे नव्हते.

रक्त धुऊन झाल्यावर मी पाटलांना विचारले, "तुमची पाने हलकी असून तुम्ही बोली चढवीत होता. मी मागून पाहिली. मग एकाएकी टाकलीत का?"

ते म्हणाले, "समोरचा भेतो तवर हूल चालती, महाराज. त्याचं भेणं सरलं अन् तो मोजाया लागला, का पान टाकायचं अन् उठायचं. दलाल मोजून राहिला व्हता. त्या पोराला ते दिसलं न्हाई. मला दिसलं."

मी त्या वेळी ते एका जुगाऱ्याचे बोलणे म्हणून सोडून दिले.

त्यानंतर काही वर्षांनी संस्थानाचा तो शेवटचा उन्हाळा आला. कोणाचा हुकूम कोठवर चालतो हे कोणालाच सांगता येत नव्हते. हत्यारबंद टोळ्या गावोगाव हिंडत. त्यांत कोण कुठले होते याची चौकशी करण्याइतका वेळ त्या कोणाला देत नसत. धान्य नेत, जनावरे नेत, बायकांच्या अंगावरचे ओरबाडीत, आणि आडवा येईल त्याला कापून काढीत. पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेलेला माणूस मात्र वाचे. टोळ्या सहसा पाणी ओलांडीत नसत.

वैशाखातल्या एका सकाळी मी अभिषेक करीत होतो. आमच्या दक्षिणेच्या तांड्याचा नाईक गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी येऊन कोसळला. डोक्याची कातडी एका कानावर लोंबत होती. मी संततधार थांबवली नाही. अभिषेक अर्ध्यावर सोडू नये हे माझ्या हाताला इतके ठाऊक होते की हात पाणी ओततच राहिला. नाईक ओरडला, "महाराज, घंटा वाजवा! तांडा जळून राहिला. माझा थोरला गेला. माझ्या डोळ्यांदेखत कुऱ्हाडीनं तोडला त्याला. ते हिकडंच येऊन राहिले."

"किती जण?"

"चाळीस असतीन. दहा-बारा बंदुका. बाकी भाले, कुऱ्हाडी."

घंटा वाजली आणि घटकाभरात गाव रिकामे होऊ लागले. परंतु गाव रिकामे होणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले नाही त्याला कळणार नाही. गाड्यांची चाके वाळूत रुतली. म्हातारी माणसे बाजेवर घालून न्यावी लागली. त्यांत माझी आई होती. माझी पत्नी बाळंत होऊन पुरता महिना झाला नव्हता. एवढा लोंढा पार होण्यास दुपार सहज उजाडणार होती, आणि टोळी अर्ध्या कोसावर होती. उताराकडे जाणारी वाट देवळाखालून जात असल्यामुळे, देऊळ जितका वेळ धरता येईल तितका वेळ ती माणसे जगणार होती.

मागे आम्ही सात जण राहिलो. पाटील, नाईक, मी आणि चार गडी.

पाटील आपली ठासणीची बंदूक घेऊन आले, आवारात एक फेरी मारली आणि म्हणाले, "पानं काय हायेत आपल्याकडं? एक बंदूक. पाच उखळ्या. दारू तेवढ्यालाच पुरंल. घरोघरचे मुसळं." मग हसले. "दुर्री, तिर्री अन् पंजा. म्हंजी हूलच द्या लागती."

गड्यांनी भिंतीच्या भोकांतून मुसळे बाहेर काढून ठेवली. लांबून ती बंदुकीच्या नळ्यांसारखी दिसत. काठ्यांवर पागोटी चढवून ती भिंतीमागे उभी केली. पाटलांनी उखळ्या आवारात पाच ठिकाणी, एकमेकींपासून दूर पुरल्या, आणि काकडा पेटवून माझ्या हाती दिला.

"एक ध्यानात ठेवा, महाराज. उखळी मोजून वाजती. बंदूक मोजून वाजत न्हाई. म्हणून आज मोजायचं न्हाई. एक आता, दुसरा कवा ते मलाबी ठावं न्हाई. मी सांगंन तवाच काकडा लावायचा."

"आणि त्यांच्याशी बोलणार कोण?"

"तुमी."

"मी?"

"मी बोललो तर कुत्रंबी इश्वास ठेवायचं न्हाई. तुमी उभ्या जन्मात खोटं बोलला न्हाई, हे चार गावाला ठावं हाय. आज ते वापरायचं."

पाटलीणबाई सर्वांत शेवटच्या बाजेबरोबर निघाल्या. जाताना त्यांनी नवऱ्याला सांगितले, "समदे पल्याड गेले का मी तिथल्या उंबरावर लाल लुगडं टाकीन. ते दिसलं का उठायचं. न्हाई आलात तर मी माघारी येईन, सांगून ठेवते."

"लुगडं दिसलं का उठलो म्हण," पाटील म्हणाले.

टोळी आली. पुढे दोन घोडेस्वार होते. त्यांपैकी एकाच्या खोगिराला दोर बांधला होता आणि दोराचे दुसरे टोक एका माणसाच्या गळ्यात होते. त्याचे ओठ फुटून काळे झाले होते, तरी मी त्याला ओळखले. तो शेजारच्या वाडीचा, आमच्या जत्रेत ताशा वाजवणारा. वाट दाखवण्यासाठी त्याला मारीत आणले होते.

पाटलांनी बंदूक भिंतीवर टेकवली आणि बार काढला. दुसरा घोडेस्वार दोन्ही हातांनी गळा धरून घोडीवरून खाली आला. बोटांच्या फटींतून रक्त उसळत होते आणि टाचा धुळीत आपटत होत्या. घोडी त्याला तुडवून पळाली. "लावा," पाटील म्हणाले. मी पहिल्या उखळीला काकडा लावला. दरड हादरली. पाटील पुन्हा बंदूक ठासू लागले. बराच वेळ गेला. मला वाटले, ते विसरले. मग एकाएकी म्हणाले, "पल्याडची," आणि मी धावत जाऊन दुसरी उडवली.

टोळी पांगून झाडांआड गेली. दोर धरलेला घोडेस्वार, त्यांचा म्होरक्या, आडून ओरडला, "ओ पंडत! अंदर कितने आदमी हैं?"

मी भिंतीवर उभा राहिलो. सोवळ्यात होतो, कपाळी भस्म होते. मी म्हणालो, "मोजायला येणाऱ्याला परत जाऊन सांगता येणार नाही, इतके."

यात एकही असत्य अक्षर नव्हते. म्होरक्याने दोर हिसडून ताशेवाल्याला विचारले, "ये झूट बोलता क्या?"

"न्हाई सरकार," तो म्हणाला. "महाराज खोटं बोलत न्हाईत."

ते मागे हटले आणि गावाबाहेरच्या चिंचेच्या राईत जाऊन थांबले. मी भिंतीवरून उतरलो. छातीत एक ऊब पसरली होती. जन्मभर जे सत्य सांभाळले त्याचे आज शस्त्र झाले, हा ईश्वराचाच संकेत, असे मला वाटले. विजय आणि कृपा यांत मला त्या क्षणी फरक दिसला नाही. पाटलांना जुगारी म्हणणारा मी. परंतु जुगाऱ्याला पहिल्या जिंकलेल्या डावानंतर जे होते ते मला झाले होते.

थोड्या वेळाने आठ-दहा जण पश्चिमेच्या घळीतून वर चढू लागले. नाईकाने आणि गड्यांनी वरून धोंडे ढकलले. एकाचा पाय धोंड्याखाली चिरडला आणि तो आईला हाका मारू लागला. तरीही दोघे भिंतीपर्यंत आले. एका गड्याने भिंतीवर ठेवलेला पंजा कुऱ्हाडीच्या घावाने अर्धा तुटला. पाटलांनी तिसरी उखळी उपटून आडवी केली, तिच्यात मूठभर खडे कोंबले आणि घळीच्या तोंडाशी धरली. मी काकडा लावला. धूर निवळला तेव्हा पुढच्या माणसाला तोंड असे राहिले नव्हते. तो तसाच काही पावले मागे चालत गेला आणि मग पडला. बाराच्या धक्क्यासरशी निसटलेल्या उखळीने पाटलांच्या हाताची कातडी सोलून काढली होती. ते फुंकर घालीत म्हणाले, "हा खरा पत्ता व्हता, महाराज. असा एकच असतो."

राईतून पुन्हा हाक आली. या वेळी मी पाटलांच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. भिंतीवर चढून मी ओरडलो, "वऱ्हाडातून पलटण उतरली आहे! संध्याकाळपर्यंत तुमच्यापैकी एक जिवंत राहणार नाही!"

खाली उतरताच पाटील माझ्याकडे पाहत म्हणाले, "एवढं बोलायचं न्हवतं. हूल थोडीच असावी. जास्त झाली का तिचं माप निघतं."

"पण ते ऐकत आहेत."

"ऐकून राहिले, तेच म्हणतो."

ऊन डोक्यावर आले. पाटलांनी चौथा बार उगाच, कोणी पुढे येत नसताना काढायला लावला. त्यानंतर फार वेळ दोन्हीकडे शांतता होती. चिरडलेल्या पायाचा माणूस घळीत कण्हत होता. मग तोही थांबला. आणि पैलतीरावर उंबराच्या झाडावर लाल लुगडे दिसले.

पाटलांनी बंदूक खांद्याला लावली. "झालं. पानं टाका. चला."

गडी मागच्या पायऱ्यांनी नदीकडे उतरू लागले. मी राईकडे पाहत होतो. तेथे घोडा वळवला जात होता, माणसे एकत्र होत होती.

"पाटील, ते पळत आहेत. आणखी घटकाभर धरले तर देऊळ वाचेल, गाव वाचेल. देवाने आपल्याला इतके दिले ते अर्ध्यावर सोडायला?"

"पळून न्हाई राहिले. नीट बघा."

मी पाहिले. म्होरक्या घोड्यावर बसून हात लांब करून भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट नेत होता. थांबत होता, पुन्हा नेत होता. आमची पागोटी सकाळपासून हललेली नव्हती.

"मोजून राहिला," पाटील म्हणाले. "तुमची बायको पल्याड, तुमची आई पल्याड, माझी लेकरं पल्याड. आता ह्या डावात आपल्याला जिंकायला काय उरलं?"

"देव उरला."

"देव काय तुमच्या राखणीवर बसलाय व्हय?" त्यांनी माझा दंड धरला. "चला, महाराज. पाया पडतो."

नाईक, मग पाटील, मग मी, अशा क्रमाने आम्ही पायऱ्यांकडे निघालो. मी मागच्या दाराच्या उंबरठ्यावरून एकदा मागे वळलो. नमस्कार करण्यासाठीच वळलो, हे शपथेवर सांगतो. कोपऱ्यात पाचवी उखळी ठासलेली, तशीच उभी होती. काकडा माझ्या हातातच जळत होता.

का केले, याचा मी अनेक वर्षे शोध घेतला. दोन कारणे होती आणि दोन्ही खरी होती. एक म्हणजे, आणखी एका धडाक्याने ते खरोखरच पळतील असे मला वाटत होते. देव माझ्या बाजूने खेळतो आहे अशी माझी खात्री झाली होती. आणि दुसरे, देवाच्या दारात चारवर थांबणे माझ्याने होईना. अर्ध्यावर टाकलेल्या कर्मासारखे ते मला बोचत होते. मी वाकलो आणि काकडा लावला.

बार झाला. त्याचा घुमारा नदीपलीकडून परत आला. आणि मग राईतून हसू ऐकू आले.

तो ताशेवाला हसत होता. फुटक्या ओठांनी, खोकत, आवरता न येणारे हसू. पाचव्या बाराला ज्याचे हात आयुष्यभर ताशावर पडत आले, त्याच्या कानाला दुसरे काही कळणे शक्य नव्हते. म्होरक्याने बंदुकीच्या दस्त्याने त्याचे तोंड फोडले, केस धरून काही विचारले, पुन्हा मारले. तो काय बोलला ते मला ऐकू आले नाही. घोडा देवळाकडे वळलेला मात्र मी पाहिला. त्या माणसाला मी कधी दोष दिला नाही. पालखीचे बार त्याने पालखीचेच म्हणून ओळखले, एवढेच.

मग ते सगळेच आले. धावत, ओरडत, कोणतीही आडोशाची जागा न धरता.

नाईक पायऱ्यांवरून परत फिरला. त्याला थांबवणे माझ्या हाती नव्हते आणि थांबण्यासारखे त्याच्याजवळ काही उरलेही नव्हते. आवाराच्या दारात उभा राहून त्याने कुऱ्हाडीने एकाचा खांदा छातीपर्यंत उतरवला, दुसऱ्याचे पोट फाडले. मग चार भाले एकदम त्याच्या अंगात गेले. तो दारातच, उभ्या उभ्या, त्या भाल्यांवर टेकून मेला.

माझ्या अंगावर एक जण सुरा घेऊन आला. मी भिंतीतले मुसळ ओढले आणि दोन्ही हातांनी त्याच्या टाळक्यावर घातले. तो गुडघ्यांवर बसला. मी पुन्हा घातले. तो आडवा झाला, तरी मी पुन्हा घातले. मी थांबत नव्हतो. ज्या हातांनी मी सकाळी देवाला स्नान घातले होते ते हात मला दुसऱ्याच कोणाचे तरी वाटत होते, आणि ते थांबावेत असे मला वाटतही नव्हते.

कोणी तरी माझी मान धरून मागे ओढले. पाटील होते. ते अर्ध्या पायऱ्या उतरून गेले होते. तेथून परत चढून आले होते.

"काय केलं हो, महाराज!" एवढेच म्हणाले. त्यांनी मला पायऱ्यांवर ढकलले आणि त्याच वेळी गोळी त्यांच्या बरगडीखालून शिरली. आम्ही दोघे गडगडत वाळूपर्यंत आलो. मी त्यांना पाठीवर घेतले आणि पाण्यात शिरलो. आजूबाजूला पाणी उडत होते. त्यांचे रक्त माझ्या पाठीवरून मांड्यांपर्यंत ऊन ऊन वाहत होते आणि गुडघ्यापाशी नदीत मिसळत होते. पैलतीरावरचे लोक गोफणींनी धोंडे फेकू लागले. पाठलाग करणारे पाण्याच्या मध्यावर थबकले, शिव्या देत परतले, आणि थोड्याच वेळात आमच्या गावाच्या छपरांतून धूर निघू लागला.

पाटलांना वाळूत निजवले. पाटलीणबाईंनी नवऱ्याच्या जखमेत आपला पदर कोंबला. तो भिजून गेला. दुसरा कोंबला. त्या रडत नव्हत्या. त्यांनी विचारले, "चार झाले व्हते. म्या मोजले. लुगडं टाकल्यावर पाचवा कुणी वाजवला?"

भोवती सगळे गाव उभे होते. माझी आई बाजेवरून माझ्याकडे पाहत होती.

पाटलांनी डोळे उघडले. "म्या," ते म्हणाले.

"तुमी?"

"व्हय. म्या. चारवर सोडवंना."

आवाज स्थिर होता. मुद्रेवर काही नव्हते. पोटात गोळी असलेल्या माणसाची मुद्रा इतकी कोरी मी पुन्हा कधी पाहिली नाही. त्यांच्या हाताने वाळूतून सरकत येऊन माझे मनगट धरले आणि दाबले. काय सांगत होते ते मला कळले. मला काहीही बोलण्याची गरज नव्हती. नुसते गप्प राहायचे होते. उरलेले गावाने स्वतःच रचले असते.

पाटलीणबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिले. मग माझ्याकडे वळल्या. "महाराज, तुमी सांगा. तुमी खोटं बोलत न्हाई."

मनगटावरचा हात आणखी घट्ट झाला.

"मी वाजवला," मी म्हणालो. "ते पायऱ्या उतरून गेले होते. त्यांनी मला चला म्हटले होते. माझ्यासाठी परत चढून आले."

पाटलांनी हात सोडला. त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आले की वेदनेने ओठ वाकले, हे मला सांगता येत नाही. "महाराज," ते म्हणाले, "तुमाला खेळताच येत न्हाई." त्यानंतर ते बोलले नाहीत. घरघर लागली, दोनदा अंग ताठ झाले आणि ते गेले.

पाटलीणबाईंनी नदीतला एक धोंडा उचलला आणि माझ्या कपाळावर मारला. मी हात वर केला नाही. डोळ्यांत रक्त आले. त्यांनी पुन्हा मारले. कानशिलावर बसला आणि मी गुडघ्यांवर आलो. माझी पत्नी लेकराला घेऊन पुढे झाली तेव्हा माझ्या आईनेच तिला थांबवले. कोणी मध्ये पडले नाही. तिसऱ्यांदा धोंडा वर गेला. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. तो वरच थांबला. मग त्यांनी तो बाजूला टाकून दिला.

"पाय धरा त्यांचे," त्या मला म्हणाल्या. "उन्हात पडलेत."

त्यांनी खांद्यांकडून धरले, मी पायांकडून, आणि आम्ही त्यांना उंबराच्या सावलीत नेले.